भरदिवसा दिवा

आमच्या घरमालकांनी आम्हाला खोली दिली, ती मी फाटक हळू लावलं म्हणून.

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, वरच्या मजल्यावरची खोली बघायला आम्ही दोघं गेलो होतो. मालक अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काळा पट्टा आणि खिशातून डोकावणारं पिवळं फडकं. त्यांनी आम्हाला काही म्हणजे काही विचारलं नाही. नोकरी कुठे, माणसं किती, गाव कुठलं, मटण करता का, यांपैकी एकही प्रश्न नाही. आम्ही वर जाऊन खोली पाहिली, खाली आलो, ‘कळवतो’ म्हणालो आणि निघालो. निघताना मी सवयीने लोखंडी फाटक हाताने धरून लावलं.

“ताई, थांबा,” मागून आवाज आला. “तुम्ही दार आपटलं नाही. आतापर्यंत जेवढे आले ते सगळे आपटून गेले. खोली तुमची.”

माझ्या नवऱ्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण तो माणूस अशा बाबतीत कधीही गंमत करत नसे. अंबरनाथच्या एका कारखान्यात साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि त्यांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते, दार आपटणारे आणि न आपटणारे. मी दुसऱ्या प्रकारात बसले याचा मला आजही अभिमान आहे. आमच्या ह्यांचा प्रकार त्यांना पुढे आठवड्याभरातच कळला, पण तोवर आमचं सामान वर चढलं होतं.

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, मीही काकाच म्हणू लागले.

काका निवृत्त झाले होते, पण गाडीतून उतरलेले नव्हते. जिन्यावरून खाली येताना वळणावर ते थांबायचे, वर चढणाऱ्याला हाताने ‘या, या’ करायचे आणि मग पुढे निघायचे. काकींबरोबर भाजीला निघाले की कायम डाव्या बाजूने चालायचे आणि उजवीकडे वळायचं असलं की आधी हात बाहेर काढायचे. काकी वैतागायच्या. “अहो, लोक बघतात!” काका म्हणायचे, “मागच्याला कळायला पाहिजे.” मागे बहुतेक वेळा एखादं कुत्रं असायचं.

खिशातल्या पिवळ्या फडक्याला कुठलीही वस्तू वर्ज्य नव्हती. आमचा गॅस सिलिंडर वर चढवायला मदत केली, तर तोही पुसून द्यायचे. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेऊन, पुसून, पुन्हा नाकावर बसवून दिला होता. सासूबाई इतक्या चकित झाल्या, की रागवायचं राहूनच गेलं.

हॉर्नला ते शिवी समजत. आमच्या दाराची बेल वाजवायची वेळ आली, तर बटणाला बोट लावलं न लावलं करून ते तसेच उभे राहायचे. आम्हाला कधी ऐकू यायचं, कधी नाही. एकदा दूधवाल्याने मला सांगितलं, की तुमचे मालक बराच वेळ दारात उभे होते. मी विचारलं, तर म्हणाले, “एकदा वाजवली होती. परत कशाला? माणूस घरात काहीतरी करत असतो.”

आणि ब्रेक! ब्रेकवर त्यांचं एक वाक्य होतं, ते मला पाठ झालं होतं. “गाडी थांबली हे मागे बसलेल्याला खिडकीतून बघून कळलं पाहिजे, पोटात नाही.” साहेब मागे बसून चहा प्यायचे आणि बशीत थेंब सांडायचा नाही, असं ते सांगत. काकी आतून म्हणायच्या, “साहेब थर्मासमधून प्यायचे. बशी कुठली?” काका ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे.

पण त्यांच्या अभिमानाचा खरा मुकुटमणी वेगळाच होता. साऱ्या नोकरीत रस्त्यावरच्या एकाही माणसाला त्यांना हात करावा लागला नव्हता.

हे हात करणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, तरी सांगते. आपल्या रस्त्यावर कुणी कुणाला वाट देत नाही. ॲम्ब्युलन्सलासुद्धा तिचं नशीब असेल तर मिळते. पण तुमच्या गाडीचा दिवा दिवसा चालू राहिलेला दिसला, की हीच माणसं एकदम तुमची सख्खी होतात. समोरून येणारा रिक्षावाला, टेम्पोवाला, दोन्ही हातांत पिशव्या धरलेल्या बाई, शाळेतली पोरं, सगळे पंजा वर करून मुठीची उघडझाप करतात. लाईट चालू आहे, लाईट! ते सांगितल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नाही. मला ही आपल्या लोकांची फार गोड खोड वाटते. काकांच्या दृष्टीने मात्र तो रस्त्यावर दिलेला नापासाचा शेरा होता. ज्याला हात करावा लागतो तो ड्रायव्हर आपल्या गाडीत नाही, त्याचं ध्यान दुसरीकडे आहे, असा त्याचा अर्थ. आणि त्यांना तो शेरा एकदाही मिळाला नव्हता.

मी नवी स्कूटर घेतली तेव्हा फाटकातून आत शिरतानाच त्यांनी मला हात केला होता.

“ताई, लाईट.”

“काका, ही बंदच होत नाही. आता नवीन सगळ्या अशाच येतात.”

“बंद होत नाही म्हणजे? बटण कुठंय?”

“बटणच नाही.”

ते स्कूटरभोवती फिरले, वाकले, शोधलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुकानदाराने मला लुबाडलंय आणि ते तोंडावर कसं सांगावं हे त्यांना कळत नाहीये.

त्यानंतर वर्षभरात प्रज्ञाने गाडी घेतली.

प्रज्ञा ही त्यांची एकुलती एक मुलगी. अंबरनाथच्या बुवापाड्यात चाळीत वाढली, महापुरुषांच्या तसबिरीखाली बसून अभ्यास केला, इंजिनीअर झाली आणि ऐरोलीला मोठ्या कंपनीत लागली. हे घरही तिने कर्ज काढून वडलांबरोबर बांधलं. तिला बढती मिळाली तेव्हा तिने कुणाला न विचारता गाडी बुक केली आणि काकांना शोरूममध्ये नेऊन उभं केलं. साक्षीला मीही होते. शोरूमच्या माणसाने नारळ आणि लिंबं पुढे केली. काका म्हणाले, “आमच्यात नसतं. आणि चाकाखाली काही ठेवू नका, टायर नवा आहे.” लिंबं काकींनी पिशवीत टाकली, घरी सरबत झालं. गाडी शोरूममधून थेट विहारात गेली. तिथे मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणताना काकांचा आवाज मध्येच अडकला, तेव्हा पुढचं काकींनी म्हटलं.

पण त्याच्या आधी शोरूमच्या दारातच घोळ झाला होता. काकांनी चावी फिरवली आणि समोरच्या काचेत त्यांना दिसलं, की गाडीच्या पुढच्या अंगाला दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या पट्ट्या लख्ख पेटल्या आहेत. दुपारी बारा वाजता.

“लाईट बंद करा,” काका म्हणाले.

“सर, ती दिवसाची लाईट आहे. गाडी चालू झाली की लागते. समोरच्याला गाडी लांबून दिसावी म्हणून.”

“दिवसा गाडी दिसत नाही?”

“सर, सेफ्टी फीचर आहे.”

“बटण कुठंय?”

बटण नव्हतं. हँडब्रेक ओढला तरच ती लाईट जाते, एवढं त्या मुलाने सांगितलं. त्याला बिचाऱ्याला कल्पना नव्हती, की आपण काय सांगून बसलो.

गाडीत बसण्याचाही काकांचा एक नियम होता. मागची डावी बाजू ही मालकाची जागा. साहेब कायम तिथे बसले, म्हणून प्रज्ञाने तिथेच बसायचं. ती पहिल्या दिवशी पुढचं दार उघडायला गेली, तर काकांनी लगबगीने येऊन मागचं दार उघडून धरलं.

“पप्पा, मी तुमच्या शेजारी बसते ना.”

“गाडी कोणाची आहे?”

“आपली.”

“कागदावर कोणाचं नाव आहे?”

प्रज्ञा मागे बसली. त्यावर त्या दोघांचं पुढे कितीतरी वेळा वाजलं. ती म्हणायची, मला लाज वाटते, बाप गाडी चालवतोय आणि मी मागे साहेबासारखी. काका म्हणायचे, मला नाही वाटत. शेवटी ती मागेच बसायची, तोंड फुगवून आणि आम्हा बाकीच्यांसाठी उजवी बाजू आणि काकींचं सामान उरायचं.

आता हेंद्रेपाड्यातून अंबरनाथला जायचं म्हणजे वाटेत किती माणसं लागतात, विचार करा. आणि त्यांतला प्रत्येकजण काकांना हात करू लागला. भाजीवाले, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, पोलीस, नाक्यावर नुसते उभे असणारे. जन्मात ज्या माणसाला कुणी हात केला नव्हता, त्याला एका फेरीत सगळ्या रस्त्याने हात केला. पहिल्या दिवशी काका परत आले ते अंगणात गाडी लावून बराच वेळ आतच बसून राहिले. काकींनी विचारलं, काय झालं. म्हणाले, “सगळ्यांना वाटतं, मला गाडी चालवता येत नाही.”

मग सुरू झाले उपाय. आधी त्या पट्ट्यांवर काळी टेप लागली. नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. गल्लीतली पोरं विचारायला लागली, काका, गाडीचं ऑपरेशन झालं का? दोन धुण्यांत टेपचे कोपरे सुटले आणि आतून उजेडाच्या चिरा दिसू लागल्या, तेव्हा लोक आणखीच जोराने हात करू लागले. सर्व्हिस सेंटरने साफ नाही म्हणून सांगितलं. वायरीला हात लावला तर वॉरंटी जाईल, वर हे फीचर आहे, असं पुन्हा ऐकवलं. “फीचर तुमच्याकडे ठेवा, मला गाडी द्या,” असं काका बोलून आले.

त्यानंतर काही दिवस काका एकदम खूश दिसू लागले. लाईट बंद होती, कुणी हात करत नव्हतं. फक्त गाडीत एक बारीक पिपाणी सतत वाजत असायची. काका म्हणायचे, “नवीन गाडी आहे, वाजणारच.” मग एका दुपारी बेलवलीजवळ मागे बसलेल्या काकी म्हणाल्या, “अहो, कुणाचं तरी दूध करपलंय.” दूध नव्हतं. काका हँडब्रेक एक खटका वर ओढून गाडी हाकत होते. तेवढ्याने लाईट जायची आणि गाडीही चालायची. मागची चाकं मात्र रोज थोडी थोडी जळत होती. गॅरेजवाल्याने चाक उघडलं आणि म्हणाला, “काका, असं तर शिकाऊ पोरगं पण करत नाही.” हे आम्हाला काकींकडून कळलं. काका त्या विषयावर आयुष्यात एक अक्षर बोलले नाहीत.

तरी इथवर सगळं हसण्यावारी होतं. खरी जखम झाली ती अंबरनाथच्या रस्त्यावर.

माझी नोकरी अंबरनाथच्या बँकेत. काका आठवड्यातून एकदा बुवापाड्याला भावाकडे जायचे, त्या दिवशी मला सोडायचे. मला उतरवताना खाली उतरून दार उघडून धरायचे. बँकेचा शिपाई त्या दिवशी मला जरा जास्तच वाकून नमस्कार करायचा. अशाच एका सकाळी आम्ही अंबरनाथच्या वळणावर आलो, तर रस्त्याच्या कडेने एक उंच, गोरे, थकलेले गृहस्थ काठी टेकत चालले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, काठी बगलेत धरली आणि हात वर करून मुठीची उघडझाप केली. दोनदा केली. गाडी पुढे गेली.

काकांचे कान लाल झाले. “साहेब होते,” एवढंच म्हणाले.

साहेबांनी त्यांना ओळखलं नव्हतं. सगळी नोकरी ज्यांच्या पुढच्या सीटवर काढली, त्यांनीच नेमका तो शेरा मारला होता आणि तोही ड्रायव्हर कोण हे न बघता. त्या दिवशी बँकेसमोर काका दार उघडायला उतरले नाहीत. मीच उतरले, हळू दार लावलं आणि आत गेले. दिवसभर मला त्यांचे ते लाल कान आठवत राहिले.

काका तिथून तडक उल्हासनगरला गेले. कॅम्प चारच्या बाजारात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक सिंधी शेठ त्यांच्या नोकरीपासूनच्या ओळखीचा होता. वॉरंटी गेली खड्ड्यात, लाईट कायमची बंद कर, असं त्यांनी त्याला सांगितलं. संध्याकाळी गाडी अंगणात आली ती शांत, दिव्याशिवाय. काकांनी मला खाली बोलावून गाडी चालू करून दाखवली. “बघा ताई. आता कोणाची हिंमत आहे हात करायची!”

आणि खरंच, कुणी हात केला नाही. महिनाभर काका रस्त्याने जात-येत होते आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. काकांना हवं होतं तेच झालं होतं. प्रज्ञा टेप लागायच्या आधीपासूनच कामासाठी बंगलोरला होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

ती परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली काकांनी गाडी चालू केली, मागचं दार उघडून धरलं. प्रज्ञा बसायला आली आणि गाडीच्या पुढे जाऊन थांबली.

“पप्पा, लाईट?”

“काढून टाकली.”

“का?”

मग काकांनी सगळं सांगितलं. टेपचं आणि हँडब्रेकचं सोडून सगळं. सगळा रस्ता हात करतो, पोलीस हात करतो, आणि साहेबांनी हात केला. “इतकी वर्षं गाडी चालवली. माझा दिवा दिवसा कधी चालू राहिला नाही. एकदा पण नाही. विचार कोणाला पण.”

मला वाटलं, वॉरंटीवरून भांडण होणार. प्रज्ञा म्हणाली, “रोज राहायचा.”

“काय बोलतेस?”

“बुवापाड्याच्या कोपऱ्यावर. रोज.”

माझ्या हातात पिळलेली चादर होती, ती तशीच राहिली. काका खाली बघायला लागले होते.

तेव्हा मला ती गोष्ट कळली. पाचला कारखाना सुटला, की काका साहेबांना घरी सोडायला त्याच रस्त्याने जायचे. बुवापाड्याच्या कोपऱ्यावर शाळेच्या फ्रॉकमध्ये प्रज्ञा उभी असायची. साहेब मागे बसलेले, गाडी थांबवायची सोय नाही, हॉर्न वाजवायचा नाही, हात हलवायचा नाही. काका फक्त दिवा एकदा लावायचे आणि बंद करायचे. भर उजेडात. मैत्रिणी म्हणायच्या, ती काय तुझी गाडी आहे का, साहेबाची आहे. प्रज्ञा म्हणायची, गाडी साहेबाची, पण दिवा माझा.

“ते एक सेकंद,” काका पुटपुटले.

“त्या एका सेकंदासाठी मी शाळेतून धावत यायची, पप्पा. गाडी बघायला गेले तेव्हा दुकानाबाहेर दुपारच्या उन्हात हिची लाईट लागली. मी दुसरी गाडी बघितलीच नाही. मला वाटलं, तुम्हाला बघताक्षणी कळेल.”

ती आता रडत होती आणि रडतेय हे तिला आवडत नव्हतं. मला तिच्यासाठी वाईट वाटलं आणि त्याहून जास्त काकांसाठी. त्या माणसाने पोरीने दिलेल्या भेटीतली नेमकी तीच गोष्ट कापून टाकली होती आणि ते आता त्यांच्या ध्यानात येत होतं.

काकांनी खिशातलं पिवळं फडकं काढलं. मला वाटलं, डोळे पुसतील. त्यांनी वाकून त्या दोन्ही विझलेल्या पट्ट्या पुसल्या, एक, मग दुसरी. मग वर बघून मला हाक मारली.

“ताई, उल्हासनगरला जायचंय. येता का?”

घरी पाहुणे यायचे होते, म्हणून काकी राहिल्या. मी चादर दोरीवर टाकली आणि निघाले.

शेठ रविवारी दुकान उघडं ठेवायचा. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं आणि तिथूनच सुरू झाला. “साईं, तुम्हीच बोलले ना, हमेशा के लिए बंद करो? मी किती साफ काम केलं होतं! अब बोलते जोडो. कल फिर बोलेंगे तोडो.”

“नाही बोलणार.”

“लोक हात करतील.”

“करू दे.”

शेठने डोकं बाहेर काढून काकांकडे नीट पाहिलं, मग मागे बसलेल्या प्रज्ञाकडे. त्याने वायर जोडली, आपल्या मळक्या फडक्याने बॉनेट पुसायला गेला, तर काकांनी त्याचा हात धरला आणि आपलं पिवळं फडकं दिलं.

परत येताना आम्ही अंबरनाथवरून आलो. प्रज्ञा मागे डावीकडे, मी उजवीकडे. सगळा रस्ता हात करत होता आणि मी काकांचे कान बघत होते. ते लाल झाले नाहीत. आणि मग पुढे, त्याच वळणाच्या अलीकडे, हातात भाजीची पिशवी आणि काठी घेऊन साहेब उभे दिसले. गाडी दिसताच त्यांनी पिशवी काठीच्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने मुठीची उघडझाप केली.

गाडी थांबली, हे मला खिडकीतून बघूनच कळलं. काकांनी काच खाली केली.

“तुमची लाईट चालू आहे,” साहेब वाकून म्हणाले आणि मग त्यांनी डोळे बारीक केले. “अरे! तू होय! किती वर्षांनी! हल्ली कुणाची गाडी चालवतोस?”

“मॅडमची, साहेब,” काका म्हणाले. “चला, घरी सोडतो.”

साहेबांना बरं वाटलेलं दिसलं. ऊन झालं होतं. ते हसत गाडीला वळसा घालून आले आणि सरळ मागच्या डाव्या दाराशी येऊन उभे राहिले. किती वर्षं ते दार त्यांच्यासाठी उघडलं गेलं असेल! त्यांच्या हाताला ते आपोआप माहीत होतं. प्रज्ञा गडबडली, “या ना सर, बसा,” म्हणत उतरायला लागली.

“तू बस,” काका म्हणाले.

ते उतरून आले होते. त्यांनी साहेबांच्या हातातली पिशवी घेतली, पुढचं दार उघडलं आणि पूर्वी धरत असतील तसंच अदबीने धरून उभे राहिले.

“साहेब, पुढे बसा. ती मालकाची जागा आहे. ही माझी मुलगी. गाडी हिची.”

साहेबांनी प्रज्ञाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. “अरे वा,” ते हळूच म्हणाले आणि पुढे बसले. काकांनी दार लावलं, त्याचा आवाज झाला नाही.

साहेब पहिल्यांदाच काकांच्या शेजारी बसले होते. जरा अवघडून, पट्टा कुठे अडकवायचा ते शोधत होते. तो काकांनी अडकवून दिला. बुवापाड्याचा कोपरा आला, तसा समोरून एक सायकलवाला आला आणि त्याने हात सोडून मुठीची उघडझाप केली. साहेब म्हणाले, “तो बघ, लाईट चालू आहे म्हणतोय. तू तर इथे रोज लाईट चेक करायचास. मी एकदा विचारलंही होतं तुला.”

“चेक नाही करायचो, साहेब,” काका म्हणाले. “इथे ही उभी असायची.”

साहेब सीटमध्ये वळले आणि त्यांनी मागे बसलेल्या प्रज्ञाकडे बराच वेळ पाहिलं. प्रज्ञा खिडकीतून त्या कोपऱ्याकडे बघत होती आणि तिने तोंड फुगवलेलं नव्हतं.

फॉरेस्ट नाक्यावर एका टेम्पोवाल्याने पुन्हा हात केला. काकांनी स्टेअरिंगवरचा उजवा हात उचलला आणि सलाम घ्यावा तसा घेतला.